चाक फिरतंय, गाडी हलत नाही: पावसाळ्यात चढावर गाडी उचलण्याची रीत

गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्या मुंबईपासून शेकडो किलोमीटर नीट येतात आणि घराच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर अडकतात. पुढची चाकं गरगरतात, रबराचा वास सुटतो, मागच्या सीटवरून कुणीतरी "अजून रेस दे" म्हणून ओरडतं आणि गाडी वर जायच्या ऐवजी गटाराकडे सरकते. सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या ओल्या रॅम्पवरही हेच होतं. मग ठपका इंजिनावर: "हिला पिकअपच नाही."

बहुतेक वेळा इंजिनात जोर पुरेसा असतो, उलट जास्तच असतो. कमी पडते ती टायरची पकड. आणि चढावर अडकल्यावर पकड वाढवायचे उपाय फार थोडे उरतात, म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. अर्धं काम घरून निघायच्या आधीचं आहे.

## १. गाडी कुठल्या चाकांवर चालते ते पक्कं करा

स्विफ्ट, वॅगन-आर, आय-२०, नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त पुढच्या चाकांना मिळतो. बोलेरो, ईको आणि इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर. इनोव्हा हायक्रॉस मात्र पुढच्या चाकांवर, त्यामुळे क्रिस्टावरून हायक्रॉसवर आलेल्यांनी जुनी सवय सोडायला हवी. इलेक्ट्रिकमध्येही एकसारखं नाही: नेक्सॉन ईव्ही पुढून ओढते, एमजी कॉमेट मागून ढकलते.

इथे सर्वांत जास्त फसतात ते उंच गाडी घेणारे. गाडी एसयूव्ही दिसते म्हणजे चारही चाकं फिरवते असं नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक 'एसयूव्ही' पुढच्या दोन चाकांवरच चालतात, आणि थारसुद्धा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारात मिळते. शंका असेल तर मॅन्युअल उघडा. इंजिन पुढे असलेल्या गाडीच्या खाली डोकावलं तरी कळतं. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आसापर्यंत) जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट दिसला तर मागची किंवा चारही चाकं फिरतात. नसेल तर पुढची.

आणखी एक भाग माहीत असू द्या: डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरावं लागतं, त्यासाठी तो असतो. पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक शेवाळावर असेल आणि ते थोड्याशा जोरातच घसरत असेल, तर कोरड्या डांबरावरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. म्हणून एक चाक भिंगरीसारखं फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे.

तपासा: गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की आपोआप आवरणारी यंत्रणा) किंवा ईएससी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) आहे का आणि त्याचं बटण कुठे आहे. घसरत्या गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा अशी खूण असते. हे आज शोधून ठेवा, अंधारात चढावर नको.

## २. एकदा आकडेमोड करून बघा

कंटाळवाणा वाटला तरी हा भाग टाळू नका. पायाला किती जोर द्यायचा हे इथेच कळतं.

एक नेहमीची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक घ्या. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ११० न्यूटन-मीटर. पहिला गिअर तो सुमारे साडेतीन पट करतो, पुढे फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची दातेरी जोडी) आणखी चार-सव्वाचार पट. वाटेतलं नुकसान वजा करून चाकाच्या त्रिज्येने भागलं, तर टायर रस्त्याला लावू शकतो असा पूर्ण जोर साधारण ५०० किलोच्या आसपास येतो.

आता पकड. गाडी ९०० किलोची, माणसं आणि सामान ३५० किलो, एकूण १२५०. रिकाम्या गाडीत पुढच्या चाकांवर साठ टक्क्यांच्या आसपास वजन असतं. मागे तिघं बसली आणि डिकी भरली की ते निम्म्यावर येतं, म्हणजे ६२५ किलो. दर सहा फुटांना एक फूट चढणारा रस्ता असेल तर त्यातलेही चाळीस-पंचेचाळीस किलो मागे सरकतात. पुढे उरले ५८०.

ओल्या डांबरावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण निम्म्याएवढा जोर पेलतो: २९० किलो. गाडी त्या चढावर नुसती धरून ठेवायलाच २०५ किलो लागतात. वेग घ्यायला उरले ८५. इंजिनाकडे मात्र ५०० आहेत. म्हणजे ॲक्सिलरेटरचं पॅडल पूर्ण दाबलं तर चाक घसरणारच. अर्ध्यापेक्षा थोडा जास्त जोर हीच तुमची मर्यादा. तेवढ्यात गाडी चढते, पण संथ चढते आणि तिला संथच चढू द्यावं लागतं.

त्याच रस्त्यावर लाल चिखलाचा थर आला की पकड वजनाच्या तीस टक्क्यांवर येते. ५८० चे तीस टक्के म्हणजे १७४. लागतात २०५. कितीही चांगला ड्रायव्हर बसवा, ही गाडी भरलेली असताना चढणार नाही. पण सगळ्यांना उतरवून, डिकी रिकामी करून एकटा चालक बसला, तर जेमतेम चढते, कारण वजन घटलंच, शिवाय राहिलेल्या वजनातला मोठा वाटा पुन्हा पुढच्या चाकांवर आला.

मागच्या चाकांच्या गाडीला चढावर सरकणारं वजन मदत करतं, म्हणून भरलेली बोलेरो जिथे चढते तिथे भरलेली हॅचबॅक अडते. पण तीच बोलेरो रिकामी असताना मागून हलकी असते आणि ओल्यात शेपूट हलवते. चारही चाकं फिरणाऱ्या गाडीला पूर्ण १२५० किलोंची पकड मिळते, चिखलातही साडेतीनशेच्या वर. तिला हा चढ जाणवतही नाही.

## ३. निघण्याआधी: टायर, हवा, सामान

टायर. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो कायद्यानेच बाद. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना भिडली की ती मर्यादा आली. पावसासाठी मात्र तिथवर थांबू नका. ३ मिलिमीटरला आलेले टायर घाटात न्यायचे नाहीत, असं माझं मत. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर पण रबर सहा-सात वर्षांचं, अशा टायरची ओल्यातली पकड दिसते तेवढी नसते. कमी फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास आढळतं.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, गाडी पुढून चालत असली तरी. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गोल फिरते, आणि ते आवरणं चढावर अडकण्यापेक्षा कितीतरी कठीण. अर्थात जुने टायर पुढे आल्यावर चढाची पकड कमी होते. म्हणून पुढचे-मागचे टायर वेळेवर आलटून पालटून चारही एकदम बदललेले बरे.

हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो, टायर थंड असताना. तिथे बहुधा दोन आकडे असतात, कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा. गणपतीला भरून निघालात तर दुसरा बघायचा. पंपावरचा माणूस सगळ्यांना सरसकट एकच आकडा भरतो, त्याला स्वतः सांगा.

सामान. इथली चूक सगळेच करतात. सर्वांत जड वस्तू डिकीत अगदी मागे जाते, कारण ती शेवटी आठवते. मागच्या ॲक्सलच्या दोन फूट मागे ठेवलेलं ६० किलोंचं ओझं पुढच्या चाकांवरून पंधराएक किलो उचलून घेतं. मागच्या सीटला टेकून, खाली, शक्य तितकं पुढे ठेवा. तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन, इन्व्हर्टरची बॅटरी असलं काही असेल तर सीटच्या पायाशी. टपावर जड काही नको.

तपासा: हँडब्रेक भरलेली गाडी चढावर धरतो का, हे घराजवळच्या एखाद्या चढावर बघून घ्या. पुढे तो लागणार आहे.

## ४. चढाच्या पायथ्याशी थांबा

दोन मिनिटं खर्च होतील, होऊ द्या. पाऊस पडत असला तरी उतरून चालत वर जाऊन या. बघायचं ते एवढंच: शेवाळ कुठे, सुटी खडी कुठे, पाण्याने रस्ता कुठे खाल्लाय आणि दोन्ही चाकं पडतील अशी कोरडी किंवा खरबरीत पट्टी कुठल्या बाजूला आहे. जांभ्याची चिऱ्याची वाट कोरडी असताना उत्तम धरते, पण सावलीत शेवाळली की काचेसारखी होते. पांढऱ्या पट्ट्या, चेंबरची लोखंडी झाकणं आणि घोटीव काँक्रीटही ओल्यात टायरला धरून ठेवत नाहीत. पहिल्या सरींचा रस्ता तर महिनाभर पाऊस झालेल्या रस्त्यापेक्षा निसरडा असतो, उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ अजून धुऊन गेलेली नसते.

पुढची गाडी माथा ओलांडेपर्यंत तुम्ही खालीच. तिच्या मागे चिकटून निघालात आणि ती अडली, तर तुम्हालाही नेमकं सर्वांत वाईट जागी थांबावं लागेल. वाहतुकीचा नियमही लक्षात ठेवा: डोंगरातल्या किंवा चढाच्या अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. वरून येणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून दिवा दाखवा आणि थांबा.

## ५. गाडी उचलणे

आधी मॅन्युअल गिअरची पुढच्या चाकांची गाडी, कारण सर्वांत जास्त हीच अडते.

१. स्टिअरिंग सरळ करा. टायरची पकड एकच असते, ती वळण्यात खर्ची पडली तर ओढायला कमी उरते. वळवलेल्या चाकांनी चढावर सुटायचा प्रयत्न हे घसरण्याचं सर्वांत साधं कारण.

२. हँडब्रेक वर, पहिला गिअर, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा) असेल तर तो १५०० च्या आसपास. आवाजावर जात असाल तर इंजिन जरा जागं झाल्यासारखं वाटेल एवढंच.

३. क्लच सावकाश सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर येतं. पाय तिथेच रोखा.

४. हँडब्रेक सोडा. गाडी मागे गेली नाही तर क्लच बरोबर जागी आहे. गेली तर लगेच फूटब्रेक दाबा आणि पुन्हा दुसऱ्या पायरीपासून. मागे जाऊ लागल्यावर घाबरून रेस देणं ही इथली ठरलेली चूक.

५. चाकाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत रेस वाढवू नका. मग क्लच पूर्ण सोडा. अर्धा क्लच ठेवून संपूर्ण चढ चढणारे लोक क्लचप्लेट जाळतात.

६. त्यानंतर पॅडल एका जागी स्थिर. वेग पंधरा-वीस, त्याच गिअरमध्ये माथ्यापर्यंत. मध्ये गिअर बदलला तर क्लच दाबल्यावर वेग पडतो आणि सोडताना झटका बसतो. तेवढा झटका पकड तोडायला पुरतो.

हिल-होल्ड (चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असलेल्यांनी लक्षात ठेवा: तो ब्रेक साधारण दोन सेकंदच धरतो. तेवढ्यात निघाला नाहीत तर गाडी मागे येते. भरलेल्या गाडीला हँडब्रेकच खरा.

सेकंड गिअरमध्ये उचलावी का? सपाट चिखलात, खास करून डिझेलला, होय. सेकंडला चाकाशी पोचणारा जोर निम्म्याच्या जवळ येतो, त्यामुळे चाक सहज सुटत नाही. खड्या चढावर छोट्या पेट्रोलला नाही. तिथे तेवढा जोर पुरत नाही आणि क्लच घासत राहतो.

टर्बो डिझेलवाल्यांची अडचण थोडी वेगळी. खाली इंजिन मंद असतं, मग १५०० ते २००० च्या दरम्यान टर्बो एकदम जोर आणतो आणि अडीचशे न्यूटन-मीटर टॉर्क एका क्षणात पुढच्या दोन टायरवर येतो. काटा तिथे पोचायच्या आत गाडी चालती झालेली हवी. ईव्हीत हा धक्का पहिल्या इंचापासूनच असतो, म्हणून चढाआधी इको मोड लावा.

एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) ॲक्सिलरेटरने गाडी चढावर धरून ठेवू नका, आत साधा क्लचच आहे आणि तो तापतो. हँडब्रेक लावा, मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर घ्या, गाडी ओढायला लागली की ब्रेक सोडा. दोन क्लच असलेल्या ड्युअल-क्लच ऑटोमॅटिकलाही हेच. टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) ऑटोमॅटिक यात सर्वांत गुणी, तिला एल किंवा पहिल्या गिअरमध्ये अडकवलं की झालं.

मागच्या चाकांच्या गाडीची कृती हीच. फरक एवढाच की घसरली तर नाक जागेवर राहतं आणि मागची बाजू आडवी होते. तसं झालं तर पॅडल हळू सोडा आणि मागची बाजू ज्या दिशेला गेली त्याच दिशेला स्टिअरिंग थोडं द्या.

पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह (गरजेपुरती चारही चाकं जोडणारी सोय) असेल तर ४एच, म्हणजे चारही चाकांचा नेहमीच्या वेगाचा मोड, पायथ्याशीच लावा, घसरल्यावर नाही. कोरडं डांबर आलं की काढा. त्यात पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असतो, वळणावर दोघांचा वेग जुळत नाही आणि ताण गिअरवर येतो.

## ६. तरीही चाक फिरलं तर

पहिलं काम पाय उचलायचं. फिरणाऱ्या टायरची पकड धरलेल्या टायरपेक्षा कमी असते, शिवाय तो खालची खडी उडवतो आणि स्वतःसाठी खड्डा खणतो. दहा सेकंदांची रेस सुटण्याची संधी घालवते.

मग या क्रमाने:

- ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवून पॅडल स्थिर दाबून दोन-तीन सेकंद बघा. ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, त्यामुळे थांबलेल्या चाकाला जोर मिळतो. खडखडाट ऐकून पाय उचलू नका, तो आवाज त्याच कामाचा आहे.
- इंजिनाचा जोरच कापला जात असेल आणि गाडी मरगळत असेल तर बटण दाबून बंद करा आणि पुन्हा हलक्या पायाने.
- नाहीच, तर सरळ मागे, कोरड्या जागी उतरा आणि दुसऱ्या पट्टीवरून परत या.
- ज्या चाकांवर गाडी चालते त्यांच्यापुढे गोणपाट, खडी, फांद्या किंवा माडाची झावळ द्या. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत राहिलात तर टायरच्या कडेला धरायला काहीतरी सापडतं.
- माणसं आणि सामान उतरवा. दुसऱ्या टप्प्यातले आकडे आठवा. हा उपाय खरं तर आधी करायला हवा, पण अपमान वाटतो म्हणून शेवटी होतो.
- पुढच्या चाकांची गाडी असेल आणि जागा असेल तर वळवून रिव्हर्समध्ये चढवा. मग ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि चढावर सरकणारं वजन त्यांच्यावरच पडतं. कोकणातले जुने ड्रायव्हर हे सर्रास करतात. मागे दिसत नसेल तर वर एक माणूस उभा करा, आणि अंधारात नकोच.

मागच्या चाकांची गाडी एका चाकावर अडकली असेल आणि हँडब्रेक हाताचा, मागच्या चाकांना लागणारा असेल, तर तो दोन-तीन खटके ओढून हलकी रेस द्या. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्यालाही जोर मिळतो. पुढच्या चाकांच्या गाडीत हा उपाय उलटा पडतो, तिथे हँडब्रेक नुसताच गाडी मागे ओढतो.

सावधान: बॉनेटवर कुणालाही बसवू नका. वजन पुढे येतं हे खरं, पण गाडीने अचानक पकड घेतली की तो माणूस सरळ चाकाखाली. गाडीच्या मागे, खालच्या बाजूला, उभं राहून ढकलायचं नाही. चाकाखाली घातलेला दगड-फळकुट गोळीसारखं मागे उडतं, म्हणून सगळे बाजूला.

## ७. चालत्या गाडीचा वेग वाढवताना

घाटातला ओव्हरटेक हेच गणित वेगळ्या जागी मांडतो. चौथ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून गाडी "उचलत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी तिसरा घ्यावा. गिअर खाली आला की तोच टॉर्क चाकावर जास्त पटीने पोचतो. गिअर बदलायचा तो आपल्या लेनमध्ये असताना, बाहेर पडून निम्म्यावर आल्यावर नाही.

ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांच्या गाडीत वळणावर रेस वाढवली की गाडी बाहेर, म्हणजे डाव्या वळणावर समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते. हेअरपिनच्या आतल्या कडेला चढ सर्वांत उभा आणि आतलं चाक सर्वांत हलकं असतं, ते तिथेच सुटतं. आपल्या लेनमध्ये राहून शक्य तितकं बाहेरून वळा, चाकं सरळ होऊ लागली की मगच रेस.

वर पोचल्यावर ईएससी बंद केलं असेल तर पुन्हा चालू करा, हे बटण विसरलं जातं. क्लचचा जळका वास येत असेल तर पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवा आणि तोवर टायरच्या बाजू हाताने चाचपून घ्या. जांभ्याच्या कडेने पडलेली चीर नक्षीच्या बाजूने दिसत नाही.